दोन विहिरींचं घर

कान जमला की चेहरा जमतो, असं मला फार पूर्वी कुणीतरी सांगितलं होतं. साफ खोटं आहे ते. माझे कान बरे येतात. त्यांना जोडलेला माणूस मात्र दर वेळी तिसराच कुणीतरी निघतो. बायकोचं चित्र काढावं तर ते तिच्या मावशीसारखं दिसतं, आणि मावशीचं काढावं तर घरात कुणालाच ओळखू येत नाही. तरीही बँकेतली चौतीस वर्षं आणि निवृत्तीनंतरची तीन, मी माणसं काढत आलोय. नोकरीत असताना पैसे काढायच्या स्लिपांच्या पाठीवर काढायचो. पेन्शनच्या रांगेतले म्हातारे, कॅशियरची वाकलेली मान, डबा खाऊन झाल्यावर पेंगणारा शिपाई. त्या स्लिपांचा गठ्ठा घरी माळ्यावर आहे. बायको दर दिवाळीला त्याच्याकडे बघते आणि पुन्हा ठेवून देते.

बेळगावात राहून आपण चित्रं काढतो हे बोलायची सोय नाही. या गावात के. बी. कुलकर्णींनी शिकवलं आहे. रवी परांजपे, जॉन फर्नांडिस यांच्यासारखे चित्रकार त्यांच्या हाताखालून गेले. अशा ठिकाणी ‘मीही काढतो’ म्हणणं म्हणजे धारवाडात जाऊन ‘मीही गातो’ म्हणण्यासारखं. म्हणून मी सांगत नाही. वही पिशवीत असते, पिशवी मांडीवर असते.

पण एका माणसाला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. सहा वर्षं माझ्या शेजारच्या काउंटरवर बसायचा तो. निवृत्त झाला आणि महिन्याभरात चंबूगबाळं आवरून जोयडा तालुक्यातल्या आपल्या घरी गेला. गेल्या पौषात त्याचा फोन आला. “अरे, अप्पा नव्वदीला आले, माई पंच्याऐंशीची. दोघांची चित्रं काढून दे.”

म्हटलं, “फोटो काढ की. तुझ्या मुलाकडे एवढा भारीचा फोन आहे.”

“फोटो ढीगभर आहेत,” तो म्हणाला. “फोटो काढणारा दोन मिनिटांत निघून जातो. तू चार दिवस राहशील.”

हे कारण मला पटलं.

खानापूर मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी झाडं जवळ येतात आणि बसमधली बोलणीही बदलतात. बेळगावला चढलेली बाई कानडीत भांडत होती, खानापूरला चढलेले दोघे मराठीत उसाची चर्चा करत होते, आणि रामनगरच्या अलीकडे एक म्हातारा चढला तो कंडक्टरशी कोंकणीत बोलू लागला. कंडक्टर तिघांनाही त्यांच्या त्यांच्या भाषेत सुटे नाहीत म्हणून सांगत होता. मी त्याला काढायला घेतलं. चालत्या बसमध्ये चित्र काढण्याचा एक फायदा असतो. रेघ वाकडी आली तर दोष खड्ड्याचा.

रामनगरला बस बराच वेळ थांबली. चहाच्या टपरीवाल्यानं माझ्या वहीत डोकावून कंडक्टरला ओळखलं, वर “पोट थोडं कमी काढलंय” असा शेराही मारला. रामनगर दिसायला साधंच गाव. बसस्टँड, दुकानं, शाळा, सरळ रस्ते. कोकणातल्या जुन्या गावांना असतो तसा वाकडातिकडा जीव त्याला नाही, कारण ते आपसूक वाढलेलं नाही. धरणानं उठवलेल्या माणसांसाठी वसवलेलं आहे. या तालुक्याचं नावच पूर्वी सुपा होतं. काळी आणि पांढरी या दोन नद्या जिथं मिळत, तिथं सुपा हे तालुक्याचं गाव. कचेरी, बाजार, सगळं तिथं. ते पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. जुनी माणसं अजूनही ‘सुप्याकडचे’ असंच म्हणतात. आता सुपा म्हणजे एका धरणाचं नाव.

ते धरण गणेशगुडीला आहे. मित्र तिथं मोटरसायकल घेऊन उभा होता. आधी भिंत दाखवायला घेऊन गेला. १०१ मीटर उंच, १९८७ साली पुरी झालेली. कर्नाटकातल्या सगळ्यांत उंच धरणांपैकी एक. खाली नदीवर रबरी होड्यांतून पर्यटक किंचाळत चालले होते. मी वही उघडली आणि पाचएक मिनिटांत मिटली. भिंत काढायला चित्रकार लागत नाही, पट्टी लागते.

“आमचं घर त्या अंगाला,” मित्रानं पाण्याकडे हात केला. त्याच्या बोटासमोर नुसतं पाणी होतं, दुपारच्या उन्हात पत्र्यासारखं. तो हात थोडा डावीकडे सरकला, मग पुन्हा उजवीकडे. “असं काहीतरी,” म्हणाला आणि गाडीला किक मारली.

घर जोयड्यापासून थोडं आत, सुपारीच्या बागेत. ओसरीवर अप्पा खुर्चीत आणि माई उंबऱ्यात. तीन दिवस मी हेच दृश्य बघत होतो आणि तीन दिवस ते मला काढता येत नव्हतं. अप्पांसमोर वही धरली की ते फोटोला बसल्यासारखे ताठ होत, टोपी सारखी करत, समोर कुणी साहेब उभा असावा तसं तोंड करत. माईंचं उलट. त्या तोंडच फिरवत. “माझं रे काय काढतोस? या वयात?” असं म्हणून आत निघून जात. मित्र म्हणाला, घाई नको, बाकीचं काढ.

बाकीचं म्हणजे पुष्कळ होतं. वहिनी सकाळी अंगणात सडा घालून रांगोळी काढत, ती मी पायरीवर बसून बघत असे. चिमटीतून पीठ सोडत हात पुढे जातो तो थांबत नाही. ठिपका चुकला तरी हात मागे येत नाही. चुकलेला ठिपका दुसऱ्या पाकळीत सामावून जातो. मी आयुष्यभर खोडरबर घेऊन हिंडलेला माणूस. विचारलं, “वहिनी, चुकलं तर?” त्या म्हणाल्या, “भावजी, उद्या परत काढायचीच आहे की.” दुपारपर्यंत कोंबड्यांनी तिचा फडशा पाडलेला असे. त्यांचा कुत्रा, वाळत घातलेली सुपारी, न्हाणीघरातला काळा पडलेला हंडा, मित्राच्या निवृत्तीत मिळालेलं घड्याळ, असं सगळं मी काढलं. घड्याळ बंद होतं, त्यामुळं निवांत काढता आलं.

दुसऱ्या दिवशी मित्र मला कुंभारवाड्याच्या बाजूला एका कुणबी घरी घेऊन गेला. हा मुलूख मुळात कुणब्यांचा. जंगलात विखुरलेली पाच-दहा घरांची गावं, उताराला भातशेती, आणि घरामागे कंदांचे वाफे. कंदांत जोयडा तालुक्याचा हात कुणी धरणार नाही. इथल्या कुणबी घरांत इतक्या तऱ्हांचे कंद लावतात की हिवाळ्यात जोयड्याला त्यांचा मेळाच भरतो. लोक लांबलांबून बियाणं न्यायला येतात. त्यातली राणी म्हणजे मुडली. अळवाच्या घराण्यातला हा कंद पावसाळ्याच्या तोंडावर लावायचा आणि थंडीत काढायचा. पण अळवाची गड्डी मुठीत मावते, मुडली दोन्ही हातांनी उचलावी लागते.

ओसरीवर एक आजी मुडली साफ करत बसली होती. खांद्यावर गाठ मारलेलं लुगडं, गळ्यात मण्यांच्या माळा. मित्र तिच्याशी कोंकणीत बोलला, मी मराठीत, आणि तिनं दोघांनाही आपल्या बोलीत उत्तर दिलं. मी पोत्यावर बसकण मारली आणि समोरची एक मुडली काढायला घेतली. चांगली लांबलचक, घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या पायाएवढी. अंगावर एकाखाली एक वळी, जणू कुणी दोरी गुंडाळून काढून घेतली आहे. प्रत्येक वळीच्या काठाला वाळलेल्या सालीच्या झिरमिळ्या. मधेमधे तुटलेल्या मुळांचे बारके खळगे, त्यांत लाल माती. एका टोकाला सुरीनं पात मारलेली होती, तिथं आतला पांढरा गर दिसत होता, त्यावर जांभळट ठिपके. अर्ध्या तासात मी हे सगळं ४बी पेन्सिलनं उतरवलं. वळ्यांची सावली मोठी झकास साधली. स्वतःशीच खूश होतो.

आजीनं हात पुसले. “कितें करता?” म्हणत वही ओढून घेतली. बराच वेळ बघितलं. मग वही फिरवून, वरची बाजू खाली करून माझ्या हातात दिली आणि हसली. मित्रही हसू लागला. मी मुडली उलटी काढली होती. कोंब जिथं येतो ते टोक मी खाली घेतलं होतं. “अशी लावलीस तर उगवायची नाही,” मित्रानं तिचं बोलणं मराठीत सांगितलं.

माझ्या चित्रांवर आजवर झालेली ही सगळ्यांत नेमकी टीका. शाळेत चित्रकलेच्या मास्तरांनी माझा कागद वर्गाला दाखवून ‘हा बैल आहे की बाक?’ असं विचारलं होतं. तेव्हा फक्त रडू आलं होतं, शिकलो काहीच नव्हतो.

मग मी आजीचे हात काढले, कारण तोंड काढू देईना. हात म्हणजे मुडलीचेच भाऊ. तशाच वळ्या, तशीच सांध्यांच्या खाचांत भरलेली माती. चित्र दाखवलं तेव्हा तिनं एकदा स्वतःच्या हातांकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. “हांव अशी दिसतां?” विचारून ती आत गेली आणि मुडलीचे रवा लावून तळलेले काप घेऊन आली. हे उत्तर होतं की मानधन, कुणास ठाऊक.

तिचा मुलगा थोड्या वेळानं आला. आतल्या गावांतली काही घरं मोकळी झाली, असं सांगत होता. दांडेली-अणशीचं जंगल २००७ साली व्याघ्र प्रकल्प झालं, २०१५ साली त्याला काळी नदीचं नाव मिळालं. जंगलाबाहेर स्वखुशीनं जाणाऱ्या कुटुंबाला सरकार रक्कम देतं. कुणी घेतली, कुणी नाही. सीमेपलीकडे गोव्यात २००३ साली कुणब्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. इकडे त्याच नात्यागोत्यातली माणसं कित्येक वर्षं तीच मागणी करत आली आहेत. “बहीण दिली पलीकडे, ती एस.टी.,” तो म्हणाला, “मी कोण, ते दिल्लीला ठरवायचंय.” मी त्याचंही चित्र काढत होतो. तो थांबला नाही, बोलत राहिला. पेन्सिल हातात असली की लोक तुमच्याकडे बघत नाहीत, कागदाकडे बघतात, आणि मग सहज बोलतात. वही मिटल्यावर तो पुन्हा सावध झाला.

तिसऱ्या दिवशी फिरणं झालं. सिंथेरीचा खडक पाहिला. प्रचंड आहे, त्यावर मधमाश्यांची पोळी लटकतात, शाळेच्या सहली येतात. चन्नबसवण्णांच्या समाधीसाठी उळवीला गेलो, तिथं माघातल्या जत्रेची तयारी चालली होती. घाटावरून बैलगाड्या येतात त्या जत्रेला. दोन्ही ठिकाणी मी वही काढली नाही. मोठ्या गोष्टींपुढे माझा हात चालत नाही, हे मी आता मान्य करून टाकलंय.

कॅसलरॉकला मात्र चालला. हेही याच तालुक्यातलं. १८८० च्या दशकात मुरगावहून घाट चढून रेल्वे आली ती इथं इंग्रजांच्या हद्दीत शिरली. खाली कुळ्याला पोर्तुगीजांचा जकात नाका, वर इथं आपला. फलाटावर एक चहावाला, दोन कुत्री, आणि बाकावर आडवा झालेला गँगमन. गँगमनचे पाय माझ्याकडे होते, त्यामुळं चेहऱ्याची भानगड नव्हती.

तिथं बसून मला मारियो मिरांडा आठवला. सीमेच्या त्या बाजूचा, लोटलीचा. जन्म १९२६, दमणला. लहानपणी हा मुलगा घराच्या भिंतीवर चित्रं काढायचा. आईनं ओरडण्याऐवजी कोरी वही आणून दिली आणि म्हणाली, ही तुझी डायरी. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यानं कधी घेतलं नाही. मुंबईला झेवियर्समध्ये इतिहास शिकला. पण वही सुटली नाही. १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या त्याच्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपानं निघाल्या आहेत. त्यांत आहे काय, तर गावातले पाद्री, लग्नातली जेवणं, मित्रांच्या टवाळक्या, शेजारच्या आज्या, कुत्री. रोजचं रोज. तेव्हा तो कुणी व्यंगचित्रकार नव्हता, नोकरी शोधणारा तेवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा होता. पद्मश्री, पद्मभूषण हे सगळं फार पुढचं. मला विचाराल तर पुढच्या गाजलेल्या व्यंगचित्रांपेक्षा त्या डायऱ्यांत जास्त माणसं आहेत. नंतरच्या चित्रांतली माणसं मारियोची माणसं म्हणून ओळखू येतात. डायरीतली अजून लोटलीची आहेत. हे माझं मत. गोव्यात जाऊन सांगणार नाही.

त्या काळी गोव्याच्या माणसाला मुंबईला जायचं तर एक तर बोट, नाही तर याच फलाटावरून जाणारी गाडी. माझ्या समोरच्या बाकावर तेव्हा कोण कोण सामान उघडून दाखवत बसलं असेल, याचा विचार करत मी गँगमनचे पाय पुरे केले. तेवढ्यात तो उठला. चेहरा दिसला, पण मालगाडी आली आणि तो निघून गेला.

रात्री ओसरीवर शेकोटी केली होती. थंडी बरीच होती. मित्रानं विचारलं, “खरं सांग, तुला यातून काय मिळतं? चित्र कुणासारखंच येत नाही तुझं.”

मी त्याला ज्योतिरिंद्रनाथ टागोरांची गोष्ट सांगितली. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ. नाटककार, संगीतकार, भाषांतरकार. टिळकांचं गीतारहस्य बंगालीत आणलं ते यांनी. आणि छंद कसला, तर समोर येईल त्याचं पेन्सिलनं डोकं काढायचा. भाऊ, वहिन्या, भाचे, पाहुणे, नोकर, कुणीही. कवटीच्या ठेवणीवरून स्वभाव सांगता येतो असं एक शास्त्र तेव्हा युरोपात चालायचं, त्याचा त्यांना नाद होता. ते शास्त्र पुढे खोटं ठरलं. चित्रं राहिली. दोन-चार नव्हे, हजाराच्या वर. १९१४ साली विल्यम रोथेन्स्टाइन या इंग्रज चित्रकारानं त्यांतली पंचवीस निवडून लंडनला छापली, पण तोवर गृहस्थ पासष्टीला आले होते आणि रांचीला टेकडीवर घर बांधून राहत होते. १८८९ साली पद्मा नदीवर एका होडीत त्यांनी एका म्हाताऱ्या फकिराचं असंच चित्र काढून ठेवलं होतं. तो फकीर म्हणजे लालन. त्याला समोर बसवून काढलेलं दुसरं चित्र कुठं नाही. आज जगात लालनचा चेहरा म्हणून जो काही आहे तो एका हौशी माणसाच्या पेन्सिलीतून आलेला.

“त्याचा इथं काय संबंध?” मित्र म्हणाला. हिशेबाचा माणूस आहे.

संबंध नदीचा. टागोरांचे मधले भाऊ सत्येंद्रनाथ कारवारला जज्ज होते. १८८३ च्या सुमारास ज्योतिरिंद्रनाथ आणि रवींद्रनाथ त्यांच्याकडे येऊन राहिले. रवींद्रनाथांनी आठवणींच्या पुस्तकात त्यावर प्रकरण लिहिलंय. चांदण्या रात्री होडीनं काळी नदीतून वर गेल्याचं त्यात आहे. ती हीच काळी. डिग्गीला याच तालुक्यात उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून सदाशिवगडापाशी समुद्राला मिळते. त्या रात्री होडीखालून गेलेलं पाणी आधी सुप्यावरून आलेलं असणार.

अप्पा इतका वेळ डोळे मिटून होते. ते एकदम म्हणाले, “सुप्यावरनंच. दुसरीकडनं कुठनं येणार? आमच्या घाटावरनं.”

मग थोड्या वेळानं, “काढ.”

“काय काढू, अप्पा?”

“घर काढ. सुप्याचं. मी सांगतो.”

मी कधीही न पाहिलेलं घर. वहीचं पान लहान पडेल म्हणून मोठा कागद घेतला, पाटावर ठेवला, कंदील जवळ ओढला. अप्पांनी सुरुवात नदीपासून केली. कागदाच्या खालच्या कडेला नदी. मग चढ. चढाला पायऱ्या, जांभ्या दगडाच्या. “सात,” अप्पा म्हणाले. “सातवी हलायची.” हलणारी पायरी कशी काढतात? मी तिच्याखाली थोडी सावली टाकली. अप्पा ती बघून समाधानानं हं म्हणाले. ओसरी आली. किती खांब? चार. चौथ्या खांबाला म्हैस अंग घासायची, त्यामुळं तो गुळगुळीत. तो मी पांढराच ठेवला. कौलं आली. डाव्या अंगाला गोठा. उजवीकडे न्हाणी. अप्पांचं बोट कागदावर फिरत होतं आणि माझी पेन्सिल त्याच्यामागून. कधी बोट घाई करी, कधी एकाच जागी अडून राही. दार कुठल्या बाजूला उघडायचं हे त्यांना आठवेना, तेव्हा ते खुर्चीतून उठले, हवेत हात पुढे केला आणि दार लोटलं. “आत,” म्हणाले.

“आणि इथं विहीर. गोठ्याच्या अंगाला.”

मी विहीर काढली. रहाट काढला.

“तिथं नव्हती,” आतून माईंचा आवाज आला.

त्या उंबऱ्यात कधी येऊन बसल्या होत्या, कळलं नव्हतं. “विहीर न्हाणीच्या मागं होती.”

“अगो, गोठ्याकडे. मी खणताना उभा होतो.”

“उभे होता. पाणी मी ओढलं. तीस वर्षं.”

“गुरांना पाणी लांब पडू नये म्हणून तर तिथं—”

“गुरांना मीच नेत होते.”

मित्र आणि वहिनी हसू दाबत होते. दोघांचं भांडण कागद सोडून वर आलं; आता हात हवेत होते. अप्पा विहिरीचा काठ दाखवत होते, माई रहाटाची दोरी ओढून दाखवत होत्या. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी पाटाखालून वही काढली. माई आधी आल्या. पुढे झुकलेल्या, एक हात वर, ओठ आवळलेले, आणि त्या कशा माईच होत्या हे मला रेघ संपायच्या आधीच कळलं. कान नव्हता काढला, पदराखाली होता. मग अप्पा. त्यांचा कान उत्तम जमला. चेहरा मात्र बघतो तर माझ्या मित्राचा. बँकेत लेजरवर डोकं घालून बसायचा तेव्हा दिसायचा तसाच्या तसा.

भांडण मिटलं नाही. मी मोठ्या कागदावर न्हाणीमागं दुसरी विहीर काढली, तीही रहाटासकट. आधीची खोडली नाही. माईंनी मान डोलावली. अप्पा म्हणाले, “दोन विहिरींचं घर! सुप्यात कुणाकडे होतं?” आणि तरीही कागद कंदिलाजवळ धरून कितीतरी वेळ बघत बसले. मी झोपायला गेलो तेव्हा ओसरीवर उजेड होता.

सकाळच्या बसनं निघायचं होतं. चहा घेऊन ओसरीवर आलो तर कागद भिंतीला खिळ्यावर अडकवलेला. दोन्ही विहिरी जागच्या जागी. पण न्हाणी आणि पायऱ्या यांच्या मधे निळ्या बॉलपेननं काहीतरी गिरबटलेलं होतं. थरथरत्या हाताच्या रेघा, एकीवर एक गिरवलेल्या. जाडजूड खोड, वर पसारा, आणि बुंध्यालाच लगडलेले चार लांबट गोळे.

“फणस राहिला होता,” अप्पा म्हणाले. टोपी नव्हती घातली.

मी म्हटलं, “अप्पा, पेन्सिल मागायची. बॉलपेन खोडता येत नाही.”

“खोडायचंय कशाला?”

माई अंगणात कोंबड्यांना हुसकत होत्या. त्यांनी तिथूनच कागदाकडे पाहिलं.

“फणस मात्र तिथंच होता,” त्या म्हणाल्या.